तीट

आगाराच्या कार्यशाळेत हर्षदा जगदाळेचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बसचं चाक समोर आलं की ती टायरवरून तळहात फिरवायची आणि अर्ध्या मिनिटात सांगून मोकळी व्हायची. मधला पट्टा गेलाय, हवा जास्त भरता. दोन्ही कडा गेल्यात, हवा कमी पडतेय. एकाच बाजूनं खाल्लंय, चाकं सरळ करून घ्या. ड्रायव्हर कुठल्या घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरतो हेसुद्धा ती टायरवरून ओळखायची. बस विजेवर चालायला लागून बारा वर्षं झाली होती, तपासणीला यंत्रं आली होती, तरी यंत्राचं आणि हर्षदाचं जुळलं नाही तर फोरमन हर्षदाचं ऐकायचा.

हीच बाई घरासाठी काही घ्यायला निघाली की तिचा पार गोंधळ उडायचा. एक मिक्सर तिनं तीनदा बदलून आणला होता, आणि तिसऱ्यांदा आणला तो पहिलाच होता. कराडबाहेर ओगलेवाडीच्या रस्त्याला घर बांधायला घेतल्यापासून तर तिच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी फरशीचे तुकडे असायचे. शहाबादी घ्यावी तर घर जुनाट दिसेल, गुळगुळीत टाइल घ्यावी तर सासूबाई घसरतील. ओटा काळा केला तर पिठाचे डाग दिसणार, पांढरा केला तर हळदीचे. एकदा मन घट्ट करून तिनं शहाबादी आणवली. ती परसात उतरली आणि त्याच संध्याकाळी हर्षदाला ती नकोशी झाली.

"अगं, आपण घर राहायला बांधतोय," नवरा धैर्यशील म्हणायचा. "तू परीक्षेला बसल्यासारखं काय करतेस?" तो हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि त्याला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका तासिकेत संपवायची सवय होती.

सासूबाई मंगलबाई मात्र सुनेची बाजू घ्यायच्या. "घिऊ दे की तिला येळ. घर काय रोज बांदतंय व्हय माणूस?"

शेवटी धैर्यशीलनंच 'घरघडण' केंद्राचं नाव काढलं. तिथं म्हणे तुम्ही निवडलेल्या वस्तू वीस वर्षं वापरल्यावर कशा दिसतील ते आजच दाखवतात. हर्षदाला हे एकदम पटलं. झीज बघून निवडायचं, हे तर तिचं रोजचं काम होतं.

केंद्रातल्या मैथिली नावाच्या तरुण मुलीनं त्यांना तीन तपकिरी कापडी पट्टे दिले; हर्षदाची मुलगी शिकायला परगावी वसतिगृहात होती, घरात माणसं तिघंच. प्रत्येक पट्ट्याला नखाएवढा खिसा आणि त्यात शर्टाच्या बटणाएवढी एक चकती. एक लाल, एक काळी, एक पिवळी.

"महिनाभर घरात वावरताना हे घोट्याला बांधायचे," ती म्हणाली. "आम्हाला नाव, वय काही सांगू नका. विचारायची परवानगीच नाही. कुठला रंग कोणाचा, एवढं तुमच्याजवळ लिहून ठेवा."

हर्षदानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ते फ्रिजला चिकटवलं. लाल, हे. काळी, आई. पिवळी, मी. मंगलबाईंनी आपली काळी चकती तळहातावर घेऊन निरखली.

"काळी माजी व्हय? ब्येस हाय. लेकराच्या गालाला लावायच्या तिटंवानी दिसती."

हर्षदाची सातची ड्युटी होती. तिनं सासूबाईंच्या पायाला पट्टा बांधला आणि ती पळाली. चार दिवसांत सगळेच ते पट्टे विसरून गेले.

महिन्यानं हर्षदा एकटीच केंद्रात गेली. एका मोठ्या काचेच्या मेजावर त्यांच्या नव्या घराचा नकाशा उजळला होता. मैथिलीनं तिला सगळं नीट समजावलं. माणूस पाऊल टाकतो तेव्हा टाच कुठल्या कोनात टेकते, अंगठा किती जोरानं रेटतो, दोन पावलांतलं अंतर किती सारखं असतं, हे ती चकती सेकंदाला हजार वेळा मोजते. कुठल्याही दोन माणसांची चाल अगदी सारखी नसते. पंचवीस वर्षं लाखभर घरांच्या फरश्यांखाली असेच मापक बसवलेले होते, आणि कुठलं पाऊल कुठल्या फरशीला कसं झिजवतं हे यंत्र त्यावरून शिकलं होतं.

"आणि फरशीसुद्धा पायाला झिजवते," मैथिली म्हणाली. "कडक दगड गुडघ्याला हादरा देतो. गुळगुळीत टाइलवर माणूस नकळत पाऊल आखूड टाकतो. गार फरशीवर थंडीत बोटं आखडतात. चाल बदलली की झीज बदलते. ओट्याची उंची, गिझर कुठं लावलाय, शेगडी गॅसची आहे की विजेची, सगळ्याचा परिणाम होतो. यंत्र हे सगळं धरून वीस वर्षं दोन मिनिटांत चालवून दाखवतं. कारणं मात्र ते सांगत नाही. त्याला कारणं ठाऊकच नसतात."

हर्षदानं आधी आपली परसातली शहाबादी लावून बघितली. वर्षं भराभर सरकली. फरशीवर वाटा उमटल्या, ओट्यासमोर खळगा पडला, न्हाणीच्या उंबऱ्याशी दगड मऊ झाला. तिला ते फार आवडलं.

"कोणाची वाट कुठली, ते दिसतं का?"

"तसं दाखवायचं नसतं," मैथिली म्हणाली. पण समोरच्या बाईचा उत्साह बघून तिनं एक बटण दाबलं आणि वाटा तीन रंगांत वेगळ्या झाल्या.

सहाव्या वर्षी लाल वाट थांबली.

हर्षदानं पुन्हा चालवायला सांगितलं. पिवळी आणि काळी वाट विसाव्या वर्षापर्यंत चालत राहिली. लाल वाट चौथ्या वर्षी डाव्या पायानं ओढल्यासारखी झाली, पाचव्या वर्षी आखूड झाली, मग पलंगापासून न्हाणीपर्यंतच उरली, आणि संपली.

"ही कुठं गेली?"

मैथिलीनं घाईघाईनं रंग बंद केले. "माणसांबद्दल यंत्र काही सांगत नाही, मॅडम. कायद्यानं बंदी आहे. कोणाची बदली होते, कोणी परगावी राहायला जातं..."

"परगावी जाणाऱ्याचं पाऊल एवढं आखूड नसतं," हर्षदा म्हणाली. फुटायच्या आधी टायर कसा दिसतो हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. धैर्यशील अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. अठ्ठेचाळीस आणि सहा, चोपन्न. ती बसस्टँडपर्यंत चालत आली आणि चुकीच्या बसमध्ये बसली.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला हृदयाच्या तपासणीला नेलं. सगळं ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, चालण्यातला बारीक बदल आजाराच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतो हे खरं, पण ह्यांच्या चालण्यात मला काही दिसत नाही. हर्षदाचं त्यावर समाधान झालं नाही. डॉक्टरांना कुठं वीस वर्षं पुढचं दिसतं?

तेव्हापासून तिनं केंद्राच्या चकरा सुरू केल्या. मैथिलीला दया आली की भीती वाटली कोण जाणे, ती हर्षदाला मेजापाशी सोडून चहाला निघून जायची. हर्षदा एकेक वस्तू बदलून बघायची. गॅसऐवजी विजेची शेगडी लावली, लाल वाट सात वर्षं चालली. ओटा दोन इंच खाली घेतला, पाच. गिझर न्हाणीच्या बाहेर काढला, पुन्हा सहा. कपड्यांचं यंत्र मागच्या दारी नेलं, साडेसहा. मिक्सर बदलून आणणाऱ्या बाईच्या हातात आता नवऱ्याचं आयुष्य होतं, आणि ती ते पिशवीतल्या तुकड्यांसारखं मागंपुढं करत होती.

काही गोष्टी तिला खटकल्यासुद्धा. लाल वाट रोज सकाळी देवघरासमोर बराच वेळ उभी असायची, आणि धैर्यशील तर देवाला लांबूनच हात जोडायचा. आजारपणात माणूस देवाकडं वळतो, असं तिनं मनाला समजावलं. काळी वाट संध्याकाळी पूर्वेच्या खिडकीशी जाऊन थांबायची. आई तिथं बसून धान्य निवडत असतील, असं तिनं ठरवलं. काळी विसाव्या वर्षीही तुरुतुरु चालत होती, म्हणजे ब्याण्णवाव्या वर्षी. जुनं हाड आहे, ती पुटपुटली, आणि त्यात थोडी कडवट असूयाही होती. कार्यशाळेत तिनं असल्या यंत्राला उलट प्रश्न विचारला असता. पण इथं काच होती, तळहाताला काही लागत नव्हतं, आणि रंगांची यादी तर तिच्याच अक्षरातली होती.

घरी धैर्यशीलचा पारा चढायला लागला. "गवंडी तीन आठवडे बसून आहे. फरशी परसात पडून आहे. हर्षदा, अडतंय कुठं?"

"थोडं थांबा ना."

"कशासाठी थांबू? सांग तरी."

ती ताटं घ्यायला उठायची. सांगितलं तर तो हसेल ही एक भीती होती. दुसरी भीती मोठी होती, की तो हसणार नाही.

मग तिच्या हाती चिपाडफरशी लागली. उसाची चिपाडं दाबून केलेली नवी फरशी, पायाला उबदार, गादीसारखी किंचित दबणारी, तुकड्याला तुकडा अडकवून बसवायची. साखरपट्ट्यात आता ती सगळीकडे निघाली होती. तिच्या जोडीला विजेची शेगडी, खाली घेतलेला ओटा आणि जाड दारं लावून तिनं यंत्र चालवलं. लाल वाट सहावं वर्ष ओलांडून गेली. दहावं ओलांडलं, पंधरावं ओलांडलं. हर्षदा मेजावर वाकून बघत राहिली. लाल वाट विसाव्या वर्षीही देवघरासमोर उभी होती.

मग तिचं काळ्या वाटेकडं लक्ष गेलं. ती तिसऱ्या वर्षी थांबली होती. ओढली नव्हती, आखूडही झाली नव्हती. चालता चालता एका जागी संपली होती.

हर्षदानं त्या दिवशी आणखी बारा वेळा यंत्र चालवलं. फरशी तीच ठेवून बाकी सगळं बदललं. काळी तिसऱ्या वर्षाच्या पुढं जाईना. फरशी बदलली की काळी वाचायची आणि लाल सहाव्यावर यायची.

आई बाहत्तरच्या आहेत, तिनं मनात हिशेब केला. तीन वर्षांनी पंचाहत्तर. लोक पिकलं पान म्हणतील. पोरीचं शिक्षण अजून व्हायचंय, तिला बाप हवा. शिवाय यंत्राचं काय, चुकतही असेल. हे शेवटचं वाक्य तिनं फक्त काळ्या वाटेपुरतं वापरलं. मैथिलीला बोलावून तिनं चिपाडफरशी नक्की केली आणि काचेवर बोटानं सही केली. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

त्या संध्याकाळी मंगलबाईंनी तिचे हात बघितले. रबरानं आणि साबणानं तळव्यांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी कोकमाचं तेल कोमट केलं आणि जवळ बसून एकेक भेग भरायला लागल्या.

"किती राबतीस गं. कार्यशाळा बगतीस, घर बगतीस."

हर्षदाला रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, दमली पोर. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. हर्षदाला त्या मांडीवरून उठून पळावंसं वाटलं, पण ती तशीच पडून राहिली.

फरशी बसली, वास्तुशांत झाली, माणसं जेवून गेली. त्याच दिवशी केंद्राचा निरोप आला की घराचं काम पुरं झाल्यामुळं नियमाप्रमाणं आपल्या कुटुंबाची पावलं कायमची पुसून टाकली आहेत. हर्षदाला तो वाचून हायसं वाटलं. पुरावा गेला, असंच तिच्या मनात आलं.

नवी फरशी सगळ्यांत जास्त मंगलबाईंना आवडली. त्या सकाळी देवघरासमोर उभ्या राहून पोथी वाचायच्या आणि म्हणायच्या, "धा वर्सांनी गुडघं गप बसल्यात बग." घरात पावलांचा आवाज म्हणून होत नव्हता. हातातून वाटी पडली तरी ठप्प असा बारीक आवाज यायचा, तोही शेजारच्या खोलीत पोचायचा नाही. दोनदा धैर्यशील पाठीमागं येऊन उभा राहिला आणि हर्षदा दचकली.

नवव्या दिवशी दुपारी, धैर्यशील शाळेत असताना, ती परत पाठवायचे पट्टे गोळा करायला बसली. चकत्या काढून वेगळ्या पाकिटात घालायच्या होत्या. नवऱ्याचा पट्टा मोठा, त्यावर त्याच्या पेनाचा निळा डाग. तिनं खिशातून चकती दाबून काढली. काळी निघाली.

"आई," ती म्हणाली, "ह्यांच्या पट्ट्यात काळी कशी आली?"

मंगलबाई गव्हातले खडे काढत होत्या. त्या चोरी पकडल्यासारखं हसल्या.

"तुला सांगायची ऱ्हायलीच बग. पयल्याच दिशी बदलली म्या. तू ड्युटीला गेलीस, त्यो आंघोळीला गेला हुता, पट्टा खुटीला हुता. म्हनलं, नवं घर बांदतोय, धा जनांची नजर लागती. काळं माज्या म्हातारीच्या पायात काय करायचंय? ल्हानपनी गालाला तीट लावायची, आता पायाला लावली. त्याला म्हनू नगंस हां. सायन्सचा मास्तर, माझी चेष्टा करंल."

"आणि लाल?"

"ती माज्या पट्ट्यात. महिनाभर कळलं तरी का कुनाला?"

हर्षदानं मान वर केली. देवघरासमोर सासूबाईंच्या उभं राहायच्या जागी फरशी आत्ताच थोडी चकचकीत झाली होती. पूर्वेच्या खिडकीशी धैर्यशीलची खुर्ची होती, तिच्यावर सकाळचं वर्तमानपत्र. नऊ दिवस ती हे बघत होती. लाल वाट आईंची होती. जिला तिनं मारायला काढलं होतं तिला तिनं वीस वर्षं दिली होती, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्याची तीन ठेवली होती.

तिनं मागच्या अंगणात जाऊन मैथिलीला फोन लावला.

"पुन्हा एकदा चालवून दाखव. एकदाच."

"पावलं पुसली गेलीत, मॅडम. आमच्याकडे काहीच नाही."

"मग पुन्हा मोजा."

"आता रांग मोठी आहे, नोंदणीपासून सात-आठ महिने लागतील. आणि आता चाल या फरशीवरची असेल. पहिल्यासारखं काही येणार नाही. यंत्र चुकतंही, मॅडम. खरंच."

परसात शहाबादीची थप्पी तशीच पडली होती, तिच्यावर गवत उगवलं होतं. हर्षदा तिच्यावर बसली. यंत्र चुकत असेल तर काहीच करायला नको. पण लाल वाटेवर तिनं पूर्ण विश्वास ठेवला होता. आता वाट आपल्या माणसाची निघाली म्हणून यंत्राला खोटं कसं म्हणायचं? काळी वाट चालता चालता संपली होती, आणि ह्या घरात कोणी पडलं तर आवाज येणार नव्हता. उद्या बंद दाराआड धैर्यशील कोसळला तरी ती ओट्यापाशी भाकरी थापत राहणार होती. आणि ही फरशी उखडली तर लाल वाट, आईंची वाट, पुन्हा सहाव्या वर्षावर येणार होती.

"अशी काय बसलीस?" धैर्यशील मागं उभा होता, हातात शाळेची पिशवी. तो घरातून चालत मागच्या दारापर्यंत आला होता आणि तिला एकही पाऊल ऐकू आलं नव्हतं.

"तुमची वाट बघत होते," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरला. तो गोंधळून हसला. मग खिडकीशी जाऊन वर्तमानपत्र उघडून बसला.

दुसऱ्या दिवशी हर्षदाची सुट्टी होती. धैर्यशील शाळेला गेल्यावर तिनं कार्यशाळेतून आणलेली टायर उचकटायची लोखंडी पट्टी काढली आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात फरशीच्या फटीत घातली. पहिला तुकडा उसाच्या वासासकट वर आला. खाली राखाडी सिमेंट दिसलं.

मंगलबाई देवघरासमोरून हळूहळू आल्या. "काय करतीस गं?"

"काढतेय ही. परसातली शहाबादी घालू."

सासूबाईंनी उजवा पाय उचलून त्या मऊ फरशीवर पुन्हा टेकवला, जरा दाबून बघितला. हर्षदानं ते बघितलं. तिला वाटलं, आता ह्यांनी चिडावं, भांडावं, माझ्या हातातली पट्टी हिसकावून घ्यावी.

"आई, तुम्ही नको म्हणालात तर ठेवते." आपण हा निवाडाही त्यांच्याच गळ्यात घालतोय, हे तिला बोलताना कळलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"मला ग्वाड लागली हुती खरं. गुडघ्याला आराम पडला." मंगलबाईंनी ओच्याला हात पुसले. "पर माजं काय? म्या किती वर्सं चालनार हितं? जल्म तुमाला काढायचाय. तुज्या मनाला खात आसंल तर काढून टाक. माज्या धीरूला म्या सांगती, मलाच नगं हुती म्हनून."

हर्षदाकडे सांगायला एकच वाक्य होतं आणि ते ती दोनदा ओठांपर्यंत आणून गिळून बसली. तिनं पट्टी पुढच्या फटीत घातली आणि दाबली. तुकडा लांब होता, एका बाजूनं उठला आणि दुसऱ्या बाजूनं अडकून बसला.

मंगलबाई भिंतीला धरून सावकाश खाली बसल्या. त्यांनी लुगड्याचा पदर खोचला आणि तुकड्याखाली बोटं घातली.

"एकटीनं नगं वडूस, पाठ धरंल," त्या म्हणाल्या. "तू तिकडनं धर. म्या हिकडनं उचलती."

हर्षदानं आपल्या बाजूनं तुकडा उचलला.